पाय ठेवील त्या देशाचं गोड

नवस बोलताना विमलताईंनी जरा दम धरायला हवा होता, असं घरात सगळ्यांचंच मत पडलं होतं. पण ते त्यांच्या तोंडावर बोलायची छाती कोणाची नव्हती. गेल्या वर्षी ह्याच महालक्ष्म्यांपुढे उभ्या असताना थोरल्या नातवाला, आयुषला, जहाजावर नोकरी लागल्याचा फोन आला, आणि म्हातारीने तिथल्या तिथे पदर पसरून सांगून टाकलं, "माय, माह्या नातवाले धडधाकट घरी आणजो. तो ज्या देशात पाय ठेवीन, त्या देशाचं गोड तुह्या ताटात वाढीन."

विमलताईंचा हिशेब तसा चुकीचा नव्हता. गल्लीतल्या नागोरावचा पोरगा कुवेतला गेला, तो कुवेतलाच राहिला. एक माणूस, एक देश, एक गोड. फार तर खजुराचा हलवा करावा लागेल, असं त्यांनी धरलं होतं. आता जहाज ही वस्तू एका जागी बसत नाही, हे बोरी अरबसारख्या खेड्यात बसून कोणाच्या ध्यानात यावं? पहिल्या फोनला पोरगा म्हणाला, इटली. म्हातारी म्हणाली, बरं. दुसऱ्या फोनला ग्रीस. म्हातारी गप्प. तिसऱ्या फोनला तुर्कस्तान निघालं, तेव्हा आयुषच्या बापाने, रामरावांनी, सोयाबीनच्या वावरात उभं राहून फोनमध्ये ओरडून सांगितलं, "अरे, उतरू नको ना बे! जहाजातच बसून राह्य! इथं तुह्या मायले ते सारं करा लागते!"

तरी पोरगा घरी येईस्तोवर देश नऊ झाले.

पण खरी पंचाईत नऊ देशांची नव्हतीच. पोरगा धडधाकट आला होता, आणि जहाजवाल्यांनी त्याला परत बोलावलंही होतं. सोमवारी मुंबईची गाडी. इथे विमलताईंचा दुसरा कायदा आडवा आला: ज्याच्यासाठी नवस बोलला, त्याने घरी परतल्यावर तो फिटल्याशिवाय गावाची वेस ओलांडायची नाही. आज ताटात नऊच्या नऊ देश वाढले गेले तर आयुष मोकळा. एक जरी कमी पडला, तर नवस पुढच्या महालक्ष्म्यांवर जाणार आणि पोरगा वर्षभर घरात.

आयुषचा काका कपिल ताट भरायच्या मागे हात धुऊन लागला होता. उमरखेडच्या एका स्थळाला त्याने 'जहाजावरचा मुलगा' म्हणून शब्द टाकला होता. आणि आयुषची आई अंजू, जिच्या हातात सगळा स्वयंपाक होता, ती पहाटेपासून चुलीपुढे उभी राहून मनात एकच गोष्ट घोकत होती. एखादा देश कमी पडावा. पोरगं माझ्या डोळ्यांपुढे राहावं.

"मास्क वर घे, प्रेरणा," स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या विमलताई म्हणाल्या. "नाक दिसून राह्यलं तुहं."

"आई, श्वास तं घेऊ द्या," प्रेरणा म्हणाली. ही कपिलची बायको, अंजूची धाकटी जाऊ.

"श्वास घे. वास घेऊ नको."

महालक्ष्म्यांचा नैवेद्य देवीआधी चाखायचा नाही, हे सगळीकडेच पाळतात. ह्या घरात तो हुंगायचाही नव्हता, म्हणून कोरोनातले उरलेले मास्क ह्या वर्षी कामाला आले होते. आता पुरणाला चाखावं लागत नाही, ते हाताला कळतं. पण इटलीचं तिरामिसू, पोर्तुगालची ती वाटीतली क्रीम, तुर्कस्तानचा बकलावा हे त्या घरात कोणी जन्मात खाल्लेलं नव्हतं. प्रेरणाने फोनवर बघायचं, अंजूने करायचं, आणि चवीचं काय ते देवीने बघून घ्यायचं. अंडं नाही, दारूचा थेंब नाही, जिलेटिन तर नाहीच. इटलीत चक्का आणि टोस्ट गेले. बकलाव्यात पिस्त्याऐवजी घरचे शेंगदाणे. ग्रीसचे गोळे तळून झाले तेव्हा विमलताई खुर्चीतून वाकून बघत म्हणाल्या, "हे तं गुलगुले होत. एवढ्यासाठी पोट्टं ग्रीसले गेलं?" नवव्या देशाचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं आणि तिथलं गोड काय असतं ते प्रेरणालाही सापडेना, तेव्हा त्यांनीच निकाल दिला, "खीर करा. खीर नसते असा कोणता देश आहे?"

तेवढ्यात कपिल तीन कॅन घेऊन आत आला. घामाघूम झाला होता.

"वहिनी, घ्या तुमचं मेक्सिको. म्हशीचं, गाईचं अन् बकरीचं."

"बकरीचं?" अंजूने वळून पाहिलं.

"तीन दुधाचा केक म्हणलं ना तुम्ही? दोन घरचेच होते. बकरीचं भेटता भेटेना, तांड्यावर अमरसिंगच्या हातापाया पडून आणलं."

प्रेरणाने कपाळावर हात मारला. "अहो, तीन दुधं म्हणजे एक आटवलेलं, एक डब्यातलं गोड, अन् एक साय!"

"मंग तसं सांगा लागते. तीन म्हणलं, तीन आणले."

सगळ्यांनी विमलताईंकडे पाहिलं. बकरीचं दूध देवीला चालतं का, हा प्रश्न घरात आधी कधी आला नव्हता. म्हातारीने डोळे मिटून थोडा विचार केला.

"मेक्सिकोत बकऱ्या असतीनच ना?"

"असतीन," कपिल म्हणाला.

"मंग घाला."

बाहेरच्या खोलीतून रामरावांची हाक आली, "अरे, कोणी या इकडं! जपान खाली येऊन राह्यलं!"

महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा बांधतात, करंज्या, साटोऱ्या, तळलेल्या वेण्या दोऱ्याने टांगतात. ह्या वेळी त्यात चकलीच्या साच्यातून पाडलेले स्पेनचे लांबडे चुरो होते, ते शोभूनही दिसत होते. पण कपिलने हौसेने जपानची मोचीही टांगली होती. तांदळाच्या पिठाची ती मऊ गोळी दोऱ्याला लोंबकळून हळूहळू लांब होत चालली होती आणि आता ज्येष्ठेच्या मुकुटापासून चार बोटांवर आली होती. रामराव स्टुलावर चढून तिला खालून तळहात लावून उभे होते.

"सोडू नको!" विमलताई काठी टेकत तिकडे निघाल्या. कपिल त्यांच्यामागे पळाला.

स्वयंपाकघरात दोघी जावाच उरल्या. प्रेरणाने मास्क हनुवटीवर ओढला आणि पाकाच्या गंजात सराटा फिरवत हळूच म्हणाली, "ताई, सकाळपासून तुम्ही एक शब्द बोलल्या नाही."

"काय बोलू?"

"एखादा देश बिघडवू का?"

अंजूच्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुह्या नवऱ्याले समजलं तं?"

"नवऱ्याले साऱ्या दारव्हा तालुक्यात सांगत फिराले पुतण्या पाह्यजे. तुम्हाले पोरगा पाह्यजे. मले दिसते ना ते." मग तिने जरा विचार केला. "पण जाळला तं आई पुन्हा कराले लावतीन. साखर भरपूर आहे. ऐन वेळेवर बिघडला पाह्यजे, आरती सुरू झाल्यावर." आणि एकदम तिच्या तोंडून निघून गेलं, "उष्टं केलं तं?"

"जीभ झडंन तुही!" अंजू म्हणाली.

पण तो शब्द तिच्या कानातून काही हलेना. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून अंजूने नैवेद्याचं बोटसुद्धा चाटलं नव्हतं. आयुष पोटात होता त्या वर्षी पुरणाच्या वासाने जीव नुसता कासावीस झाला होता. तरी तिने ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर पुरण वाटलं होतं. तेव्हा पोरासाठी तोंड बंद ठेवलं. आता पोरासाठीच उघडावं लागेल की काय?

दिवस कलायला लागला तशी फुलोऱ्यातली सोडून बाकीची गोडं भांड्यांत भरून कोठीत झाकून ठेवली. बायका लुगडी बदलून आल्या. बाहेर समया लागल्या, टाळ निघाले. विमलताईंनी आरतीला सूर लावला आणि मान वळवून अंजूला खूण केली: ताट आण.

अंजू कोठीकडे गेली. मनाशी पक्कं केलं होतं. बकलाव्याचा एक तुकडा तोंडात टाकायचा, आणि बाहेर जाऊन सगळ्यांदेखत सांगायचं, माझ्याकडून उष्टं झालं. शिव्या खाऊ. पाप लागेल तर लागो. तिने दार ढकललं, दिवा लावला.

तुरीच्या पोत्यावर आयुष बसला होता. हातात चमचा, दोन्ही गाल फुगलेले.

"काय करून राह्यला बे?"

"पोर्तुगाल," तो भरल्या तोंडाने म्हणाला.

"मुडद्या! नैवेद्य आहे तो!" अंजूने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि भांड्यांकडे पाहिलं. सगळी झाकणं उघडी होती. इटलीला खड्डा पडला होता. मेक्सिकोचा कोपरा गेला होता. खिरीत बोट बुडवल्याची खूण होती. क्षणभर तिला रडावं का हसावं समजेना. जे करायला ती आली होती ते पोराने आपल्या हाताने करून ठेवलं होतं, आणि तिच्या मनात आनंदाची उकळी फुटली. सुटलो, ती मनात म्हणाली, पोरगं राहिलं.

आयुषने घास गिळला. "आई, हे असंच लागते का गं?"

"मले काय विचारतो? तू खाऊन आला ना तिथं."

तो चमच्याकडे बघत राहिला.

"आयुष?"

"म्या नाही खाल्लं, आई. पाह्यलं नुसतं. अर्धं अर्धं."

"म्हणजे?"

"मी खाली प्लेटा धुवाले होतो. पार खालच्या मजल्यावर. वरच्या प्रवाशांनी खाऊन झालं का खाली आमच्याकडं येत. हा बकलावा असा चिकटून येते प्लेटीले, कडक पाण्याशिवाय निघत नाही."

अंजू त्याच्या शेजारी पोत्यावर टेकली. "अन् ते फोटो? तू म्हणे फोटो काढणारा मीच आहो, म्हणून मी त्यात दिसत नाही."

"वरच्या हॉलात वाढणाऱ्या पोट्ट्यांनी काढलेले. त्यांच्याकडून घेऊन तुम्हाले पाठवत होतो."

"एकदा तरी उतरला असशीन?"

"एकदाही नाही. बंदर लागलं का वरचे सारे फिराले जात, अन् आमचं धुणं सुरू होई. एक गोल खिडकी होती. तिच्यातून पाणी दिसे. पाणी जाऊन भिंत दिसली का समजायचं, देश आला."

बाहेर आरतीचं दुसरं कडवं सुरू झालं होतं. नऊ देश हिंडून आला म्हणून ह्या पोराची अंजूने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली होती, आणि पोराने नऊ भिंती पाहिल्या होत्या. आणि घरात त्या नऊ भिंतींपायी बकरी धुंडाळत होते!

"मंग नवस कायचा?" ती एकदम म्हणाली. "आईनं म्हणलं, पाय ठेवीन. तू ठेवलाच नाही. सांगितलं काहून नाही?"

"काकानं साऱ्या गावाले सांगून ठेवलं. अन् बाबाले काय सांगू? बाबांनी नकाशा आणून लावला, त्याच्यावर टाचण्या टोचल्या. त्यांले म्हणू का, टाचण्या काढा म्हणून?"

अंजूने त्याचा हात धरला. "जाऊ दे ते. आता जाऊ नको, बस. हे उष्टं झालं, नवस काही फिटत नाही. मी बाहेर सांगते माह्या हातून झालं म्हणून. तुही बात कोणाले कळत नाही. राह्य घरी."

आयुषने मान हलवली. "आई, यावेळी वर घेतलं मले. जेवणाच्या हॉलमधी. वरच्यांले पाळी लागते उतराची." त्याने चमचा खाली ठेवला. "मले एकदा जाऊ दे. त्या भिंतीच्या पलीकडं काय आहे ते पाह्यचं आहे."

"मंग हे उष्टं काहून करून बसला, येड्या?"

"उद्या कोणी विचारलं, तिथलं गोड कसं लागते, तं काही सांगता आलं पाह्यजे ना."

बाहेरून विमलताईंची हाक आली, "अंजू! ताट आण वं! देवी ताटकळून राह्यली!"

तोंड उघडलं तर पोरगा वर्षभर घरात, डोळ्यांपुढे, पुढ्यात जेवत. गप्प राहिलं तर सोमवारी गाडी, आणि देवीपुढे उष्टं वाढल्याचं पाप जन्मभर. अंजू उठली. पोराकडे बघवेना म्हणून बकलाव्याच्या ताटाकडे बघत राहिली. मग तिने एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"आई!"

"पाप एकट्या लेकराच्या माथी कायले?" ती चावत म्हणाली. मग थांबली. पुन्हा चावलं. "हे तं शेंगदाण्याची चिक्की होय बे."

"सारंच तसं लागते," आयुष म्हणाला. "इटलीलेही जायफळ लागते."

दोघांना हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंजूने भराभर कामाला हात घातला. इटलीचा खड्डा कॉफीची पूड टाकून बुजवला, मेक्सिकोची कोरलेली बाजू भिंतीकडे फिरवली, पोर्तुगालची रिकामी वाटी मागे सारून भरलेल्या पुढे घेतल्या. पोराच्या ओठावरची क्रीम पदराने पुसली आणि मोठं ताट त्याच्या हातात दिलं. "चाल. अन् तोंड बंद ठेव."

बाहेर रामराव अजून स्टुलावर होते, जपान त्यांच्या तळहातावर निवांत पसरलं होतं. विमलताईंनी चौरंगावरच्या ताटातले देश एकेक बोट ठेवून मोजले, फुलोऱ्यातलं स्पेन आणि रामरावांच्या हातातलं जपान धरून नऊ भरले, तेव्हा समाधानाने मान डोलावली. "पाणी फिरव, अंजू."

अंजूने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि हात जोडले. दरवर्षी ती सगळ्यांचं मागून घ्यायची, वावराचं, गोठ्याचं, नवऱ्याच्या गुडघ्याचं. आज तिला एवढंच म्हणवलं: उष्टं आहे, माय. माझ्या लेकराचं आहे, अन् माझं आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव. मुखवट्यांनी काही रागावल्यासारखं केलं नाही. दोघी पहिल्यासारख्याच हसऱ्या होत्या.

"फिटला!" विमलताई म्हणाल्या.

"फिटला!" कपिलने टाळ्याच पिटल्या. प्रेरणाने अंजूकडे पाहिलं. ताई, तुम्ही काही केलं नाही? असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. अंजूने नजर खाली केली.

आणि तेवढ्यात विमलताईंनी महालक्ष्म्यांकडे तोंड करून पुन्हा पदर पसरला. "माय, आता हा दुसऱ्यांदा चालला..."

"आई, नाही!" कपिल ओरडला.

"आई, थांबा ना!" प्रेरणा ओरडली. रामराव स्टुलावर इतके दचकले की जपान त्यांच्या हातून सुटलं आणि ज्येष्ठेच्या मुकुटावर जाऊन बसलं. पण म्हातारीचा पदर धरला तो अंजूने. आजवर सासूचा शब्द तिने कधी मध्येच तोडला नव्हता.

"आई, यावेळचा नवस मी बोलते. माय मी आहो त्याची."

विमलताईंनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि का कोण जाणे, पदर खांद्यावर घेतला. "बोल. पण पाहून बोलजो वं. मले नऊ भोवले."

अंजूने स्वतःचा पदर पसरला. शब्द मोठ्याने आले. "माय, याले एका देशात तरी उतरव. याचा पाय जमिनीले लागू दे. तिथलं जे काय गोड असंन, ते हा तिथंच खाईन, ताजं, पोटभर. इथं मी तुले पुरण करीन."

"एका देशात?" कपिल चक्रावला. "वहिनी, नऊ झाले ना! एका काय म्हणता?"

आयुष पुढे आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून वाकला, तो उठेचना. विमलताई म्हणाल्या, "झालं ना आता, ऊठ रे." कपिल पुन्हा काही विचारत होता, रामराव मुकुटावरचं जपान सोडवत होते. अंजू पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. "ऊठ, बापू, जेवून घे," ती म्हणाली, पण तिलाच हात काढवत नव्हता.